साऱ्या तालुक्याचा कोट

पाथर्डी तालुक्यातल्या कुठल्याही घरात जा. पुढच्या खोलीत हार घातलेला एखाद्या बाप्याचा फोटो असेल, तर चेहऱ्याकडे नंतर बघा, आधी कोट बघा. काळपट निळा रंग, दोन बटणं, डावा खांदा उजव्यापेक्षा जरा उतरलेला. तो कोट मी शिवलाय. एकच शिवलाय. पण तालुक्यातली निम्मी गेलेली माणसं तोच घालून भिंतीवर बसली आहेत.

मी सहादेव. जुन्या बसस्टँडसमोर माझं शिवणकामाचं दुकान आहे आणि रस्त्याच्या पलीकडे बरोबर समोर कल्याणचा फोटो स्टुडिओ. मशीनवरून मान वर केली की मला त्याचा काउंटर दिसतो, त्याला माझा. इतकी वर्षं आम्ही एकमेकांचं गिऱ्हाईक मोजत आणि एकमेकांना शिव्या देत काढली. चहा मात्र एकाच किटलीतला.

मोबाईल आले तसा कल्याणचा धंदा बसला. लग्नाच्या ऑर्डरी मुलगा आदिनाथ बाहेर जाऊन करायचा. दुकानात उरले ते शाळेच्या फॉर्मचे फोटो आणि मयताचे फोटो. मयताच्या फोटोत मात्र कल्याणचा हात धरणारा कोणी नव्हता. घरातलं माणूस गेलं की दशक्रियेच्या आत लोक यायचे. हातात आधार कार्ड, नाहीतर कुणाच्या तरी हळदीतला फोटो, त्यात गेलेला माणूस चौथ्या रांगेत, अर्धा चेहरा दुसऱ्याच्या फेट्याआड. कल्याण तेवढं तोंड कापून घ्यायचा, डोळे मिटले असतील तर उघडायचा, मागे निळं आभाळ टाकायचा. बायकांसाठी हिरव्या साडीची एक फाईल होती. पुरुषांसाठी कोट. हयातभर ज्याला धड सदरा मिळाला नाही त्यालासुद्धा वर जाताना कोट लागायचा. मी यावर चिडायचो.

"आरं, घरच्यांची हौस असती," कल्याण म्हणायचा. "खाली न्हाई मिळाला, वर तरी सायबावानी दिसावा."

कोटाची फाईल त्यानं कुठून आणली, तर घरातूनच. आदिनाथ कॉलेजात असताना मामाच्या मुलाच्या लग्नासाठी मी त्याला कोट शिवला होता. पोरगं अंगानं किडकिडीत, त्यात एका खांद्यावर सारखी कॅमेऱ्याची पिशवी. डावा खांदा चांगला बोटभर उतरलेला. मी आत जास्तीची पट्टी भरली, तरी लपला नाही. कोट घालून तो स्टुडिओतल्या स्टुलावर बसला आणि बापानं फोटो काढला. मग कल्याणला सुचलं, की कोट झकास बसलाय, ह्याचाच वापर करावा. त्यानं कॉम्प्युटरवर मान उडवली आणि खालचं अंग तेवढं ठेवून त्याच नावानं फाईल सेव्ह केली. मूळ फोटो त्यातच गेला. तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

वाटलं फक्त झुंबरबाई वहिनींना, म्हणजे कल्याणच्या बायकोला. त्यांनी स्टुडिओत येऊन स्क्रीनवर बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "जित्या लेकराच्या अंगावर मढ्याची तोंडं लावताय? अभद्र हाय हे. काढा ते." कल्याण हसला. आदिनाथ तर जास्तच हसला. "आई, सगळा तालुका माझ्या अंगावर उभाय, बघ की," असं म्हणाला. मीही हसलो होतो, खोटं कशाला बोलू.

आदिनाथची गोष्ट वेगळीच होती. लग्नसराई संपली की फोटोग्राफरला पाच-सहा महिने काम नसतं. बाकीची पोरं तेव्हा कट्ट्यावर बसायची, हा मोबाईलमध्ये डोकं घालायचा. त्याला कुठूनसा एक ग्रुप सापडला होता. दर रविवारी सकाळी ग्रुपवर एक विषय यायचा, आणि शनिवारपर्यंत त्या विषयावरचा एक फोटो काढून पाठवायचा. बक्षीस नाही, पैसा नाही. मनवा नावाची नगरची एक मुलगी तो ग्रुप चालवायची. विषय तरी काय! 'उभ्या रेषा'. 'लाल'. 'पाणी'. पाण्याला आमच्याकडे टँकरशिवाय काय मिळणार? तर ह्यानं टँकर गेल्यावर डांबरावर राहिलेली ओल काढली. 'दोरा' असा विषय आला तेव्हा माझ्या दुकानात येऊन सकाळभर जमिनीवर पालथा पडला होता. गिऱ्हाईक त्याला ओलांडून आत यायचं.

"गिऱ्हाईक न्हाई त्याचा फोटो काढून उपेग काय?" कल्याण त्याला विचारायचा.

"आबा, ज्याला गिऱ्हाईक न्हाई तेवढाच फोटो आपला असतो," पोरगं म्हणायचं. वर बापालाही शिकवायचं. मोबाईलवर कुठले कुठले व्हिडिओ लावून दाखवायचं, की चौकटीचे तीन भाग करायचे आणि माणसाला मधोमध न बसवता कडेला बसवायचं. कल्याण मला ओरडून सांगायचा, "सहादेव, ऐकलं का? जलमभर माणूस मधी बसवला, आता म्हणत्यात कडंला सरकवा!"

त्याच्यासाठी मुली बघणं चालू होतं. मार्गशीर्षात नगरकडचं एक लग्न उरकून परत येताना करंजी घाटात त्याची मोटारसायकल घसरली. पिशवीतल्या कॅमेऱ्याला चरासुद्धा पडला नाही. पोरगं जागीच गेलं.

दशक्रियेला सगळा गाव आला. मंडपात खुर्ची मांडलेली, खुर्चीवर पांढरं कापड, आणि कापडावर नुसता हार. फोटो नव्हता. ज्या माणसानं तालुक्यातल्या सगळ्या दशक्रियांचे फोटो केले, त्याच्या पोराच्या दशक्रियेला फोटो नव्हता. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. कल्याण एका कडेला मान घालून बसला होता. मला वाटलं, दुःखात राहून गेलं असेल. मी स्वतः त्याच्या कानाशी जाऊन म्हणालो, "कोणाला तरी सांगतो, नगरहून करून आणू." तर माझा हात धरून म्हणाला, "कुणी न्हाई करायचा."

पुढं महिना-दीड महिना स्टुडिओचं शटर खाली होतं. मग एका रविवारी बघतो तर शटर अर्धं वर, आणि कल्याण आदिनाथचा कॅमेरा गळ्यात घालून बाहेर. उन्हात उभा राहून विजेच्या खांबाची सावली बघत होता. त्यानंतर तो रोजच फिरायला लागला. दिवाळीत ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या उन्हाळ्याच्या तोंडाला माघारी आल्या, तेव्हा स्टँडवर थांबलेल्या ट्रकच्या मागे हा कॅमेरा लावून उभा. वर बांधलेल्या संसाराच्या गाठोड्यांत एक कोंबडी टोपलीतून मान काढून बघत होती, तिचा फोटो काढला. मढीच्या यात्रेत गेला, तिथं गर्दीचा फोटो काढायचा सोडून गर्दीनं काढून ठेवलेल्या चपलांचा काढला. दुपारी दुकानात आदिनाथचे इयरफोन कानात घालून व्हिडिओ बघायचा. आम्हाला बरं वाटलं. माणूस नादाला लागला, दुःखातून बाहेर येईल, असं मी घरी सांगितलंसुद्धा.

एकदा चहा घेऊन गेलो, तर त्यानं फोन मला दाखवला. हातात फोन आदिनाथचा. ग्रुपवर त्या चपलांचा फोटो होता, आणि खाली मनवानं लिहिलं होतं, 'आदिनाथ, अलीकडे तुमचे फोटो फार शांत झालेत. काय बदललं?'

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी कप खाली ठेवला.

"तू त्यांना सांगितलंच न्हाई?"

"न्हाई."

"आरं, मेलेल्या पोराच्या नावानं फोटो पाठवतो? लाज वाटती का न्हाई तुला? ती माणसं त्याच्याशी बोलायलीत!"

"व्हय," कल्याण म्हणाला. "तेच तर. रविवार उजाडला की त्याला कुनीतरी नावानं हाक मारतं, सहादेव. 'आदिनाथ, विषय बघितला का?' म्हनून इचारतं. घरात आता त्याचं नाव कुनी घेत न्हाई. त्याची आई घेत न्हाई, मी घेत न्हाई. तू तरी घेतो का?"

मी घेत नव्हतो. दुसऱ्याच्या दुःखाला हात लागू नये म्हणून आपण नाव टाळतो, आणि त्यानं माणूस आणखीच पुसलं जातं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी कप उचलला आणि गुपचूप रस्ता ओलांडून आलो.

घरी वहिनींचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. त्यांना भिंतीवर लेकराचा फोटो हवा होता. त्यांनी स्वतः खिळा ठोकून ठेवला होता, देवघराच्या शेजारी. सकाळी पूजा झाली की उदबत्ती त्या खिळ्याला ओवाळायच्या. रोज विचारायच्या, कल्याण रोज उद्या म्हणायचा.

पावसाळ्यात एकदा विषय आला, 'रिकामी जागा'. कल्याणनं त्या खिळ्याचा फोटो काढला. नुसती पांढरी भिंत, एका कडेला खिळा, खिडकीतला तिरपा उजेड आणि खिळ्याची बारीकशी सावली. मला फोटोतलं काही कळत नाही, पण तो मी दुसऱ्यांदा बघितला नाही. ग्रुपवर मात्र नुसती वाहवा झाली. किती साधा, किती स्वच्छ, कमीत कमी गोष्टीत केवढं सांगितलं! त्या आठवड्याचा सगळ्यात चांगला फोटो म्हणून तोच निवडला. आदिनाथच्या नावानं टाळ्यांची चित्रं आली.

ते वहिनींनी बघितलं. त्यांना वाचता येतं. मी दुकानात होतो, त्यांचा आवाज रस्ता ओलांडून आला.

"साऱ्या तालुक्याची मढी सजवली तुमी! कोट घातले, आभाळ लावलं! माझ्या लेकराला भिंतीवर हातभर जागा न्हाई, आन् त्या खिळ्याचं कवतिक करून घेताय?"

मी धावत गेलो. त्या मला बघून म्हणाल्या, "भावजी, तुमी तरी इचारा ह्यांना. का करत न्हाईत फोटो? कुटल्या जल्माचं वैर काढत्यात?" आणि रडत घरी गेल्या.

मी विचारलं. कल्याणनं कॉम्प्युटर चालू केला, आणि स्क्रीनवर ती फाईल उघडली. निळा कोट, दोन बटणं, उतरलेला डावा खांदा. वर मानेच्या जागी काहीच नाही.

"हे बघ," तो म्हणाला. "हेच्यावर मी किती तोंडं लावली, मला आठवत न्हाईत. म्हातारी लावली, तरणी लावली, फाशी घेतल्याली लावली. झुंबर सांगत हुती, अभद्र हाय. मी हसलो. पोराची मान मीच उडवली, सहादेव. घाटात फकस्त निमित्त झालं."

"येड्यासारखं बोलू नको."

"मंग तू सांग, दुसरं काय कारन हुतं? रस्ता कोरडा हुता. प्यालेला न्हवता. गाडी नवी हुती. का गेला?"

मी अशा गोष्टी मानत नाही, पण त्या क्षणी ती बिनमानेची फाईल बघताना मी एक पाऊल मागे सरलो. तो पुढं म्हणाला, "फोटो करायचा म्हंजी ही फाईल उघडायची. आन् एकदा का भिंतीवर टांगला की मंग तो बी त्यांच्यातलाच झाला."

असं वर्ष सरत आलं. वर्षश्राद्धाचा दिवस जवळ आला, आणि त्याच्या आधीच्या रविवारी विषय आला, 'स्वतःचा फोटो'. खाली मनवानं मुद्दाम लिहिलं होतं, 'आदिनाथ, तुम्ही सगळ्या जगाला दाखवता, स्वतः मात्र कधी दिसला नाहीत. या आठवड्यात पळवाट नाही. समोर या.'

कल्याण फोन घेऊन माझ्याकडे आला. काउंटरवर ठेवला आणि नुसता उभा राहिला. दाढी वाढलेली. मला त्या मुलीचा राग आला, मग त्याचा आला, मग दोघांचीही कीव आली.

"काय करू?" त्यानं विचारलं.

"तिनं तुझ्या पोराला समोर बोलावलंय," मी म्हणालो. "आणणारा तू एकटाच हाईस. आन त्याला."

मला वाटलं, चिडेल. तो चिडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला हाक मारली, एकट्यानं फाईल उघडायला भीती वाटते म्हणाला. मी त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसलो. आदिनाथचा चेहरा एकाच फोटोत समोरून होता, लायसन्ससाठी काढलेल्या. तोही बापानंच काढलेला, त्याच स्टुलावर, त्याच दिव्याखाली. कल्याणनं त्यातून तोंड आणि मान कापली आणि कोटाच्या फाईलवर आणून ठेवली.

मी त्याचं काम कितीदा बघितलंय. तोंड आणून ठेवलं की खरी झटापट पुढंच असते. कुणाची मान जाड, कुणाची तिरकी. चेहऱ्याचा रंग आणि गळ्याचा रंग जुळत नाही, मग घासत बसायचं, कॉलर वर ओढून सांधा लपवायचा. या वेळी त्यानं तोंड ठेवलं, जरासं खाली सरकवलं, आणि ते बसलं. घासायला काही राहिलंच नाही. उतरलेला खांदा, किंचित त्या बाजूला कललेली मान, ओठांवर ते अर्धवट हसू, सगळं आपोआप एकमेकांना मिळालं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडांखाली दबून गेलेलं पोरगं अचानक समोर येऊन बसलं.

कल्याणचा हात माऊसवरच राहिला. "बघ," तो म्हणाला, "काईच करावं लागलं न्हाई." आणि मग तो ओरडून रडला, दशक्रियेला रडला नव्हता तसा. मीही रडलो. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून आत बघत होती.

फोटोच्या खाली त्यानं नाव लिहिलं. नावाच्या आधी कीबोर्डवर दोनदा बोट ठेवून उचललं, तिसऱ्यांदा 'कै.' लिहिलं. मागे आभाळ टाकलं नाही. तसाच तो ग्रुपवर पाठवला.

थोड्या वेळानं मनवाचा फोन आला. कल्याणनं स्पीकरवर ठेवला. तिनं हळूच विचारलं, "मग काका, वर्षभर ते फोटो...?"

"मी त्याचा बाप हाय, बाई. खोटं बोललो. माफ करा."

पलीकडून ती रडत असल्याचा आवाज आला. म्हणाली, त्यांचं नाव आम्ही ग्रुपमध्ये तसंच ठेवतो, तुम्हीही राहा, फोटो पाठवत राहा. कल्याण म्हणाला, "नगं. काडून टाका. त्याचं नाव तिथं असलं, तर मी येत्या रविवारी परत खोटं बोलन."

वर्षश्राद्धाला फोटो खिळ्याला लागला. वहिनींनी कुंकू लावलं, हार घातला, आणि काचेवरून हात फिरवत कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. "कोट आपलाच हाय व्हय रं," एवढंच म्हणाल्या. जेवताना कल्याणच्या ताटात त्यांनी स्वतः वाढलं.

पुढचा रविवार उजाडला. मी दुकान उघडायला आलो, तर कल्याण आधीच येऊन काउंटरमागे बसला होता, फोन समोर ठेवून. विषय यायची वेळ झाली आणि गेली. तो फोन उचलायचा, बघायचा, ठेवायचा. मला वाटलं जावं, काहीतरी बोलावं, पण गेलो नाही, मशीन चालवत राहिलो. दुपारपर्यंत तो तसाच बसून राहिला. आदिनाथ गेला त्या दिवसापेक्षाही तो मला एकटा वाटला.

दुपारी तिसगावकडची एक बाई आली, भागूबाई. नवरा वारला होता. हातात आधार कार्ड. "मालकाला कोट घाला बरं का, भाऊ," म्हणाली. "लई हौस हुती त्यांना."

कल्याणनं तिला संध्याकाळी यायला सांगितलं. ती गेल्यावर तो रस्ता ओलांडून माझ्याकडे आला.

"ती फाईल मी काडून टाकली," तो म्हणाला. "तुझ्याकडं एखादा कोट हाय का? माझ्या मापाचा?"

एका गिऱ्हाइकानं शिवून घेऊन कधी नेलाच नव्हता, असा एक होता. काळा. मी तो झटकून त्याच्या अंगात चढवला. कमरेत ढिला झाला, मागून टाचण्या लावल्या. तो जाऊन स्टुलावर बसला, ज्यावर आदिनाथ बसला होता त्याच, आणि पोराचा कॅमेरा त्यानं माझ्या हातात दिला.

"मला कुटं येतंय?" मी म्हणालो.

"बटन दाब फकस्त. मुंडकं नगं घेऊ, त्याचं काम न्हाई. खांदे तेवढे घे. आता हितून पुढं तालुक्याला माझे खांदे चालतील."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. त्याचा चेहरा चौकटीच्या वर गेला, उरला तो कोट, दोन्ही खांदे सारखे. मी म्हणालो, "हलू नको." हे वाक्य त्यानं जन्मभर दुसऱ्यांना म्हटलं होतं.

बटण दाबलं. बघितलं, तर फोटो हललेला. परत दाबलं, परत हललेला. मी म्हणालो, "कल्याण, जरा दम धर, मग काढू." त्यानं मानेनं हो म्हटलं असेल, मला दिसलं नाही. मला खांदेच दिसत होते, आणि ते काही केल्या थांबेनात.